देक्खइ : एका प्राकृत क्रियापदाचा इतिहास

‘पाहणे’ या अर्थाचे प्राकृत क्रियापद. हिंदी देखना, बंगाली देखा, ओडिया देखिबा, गुजराती देखवुं व मराठी देखणे ही क्रियापदे याच प्राकृत रूपापासून आली आहेत. अर्वाचीन भारतीय आर्य भाषांतील अत्यंत परिचित धातूंपैकी हा एक असूनही संस्कृत धातुपाठात त्याला सरळ प्रतिरूप नाही. संस्कृतातील कोणत्याही एका रूपावर ध्वनिपरिवर्तनाचे नियम लावून ‘देक्खइ’ सिद्ध करता येत नाही. त्यामुळे या क्रियापदाच्या उगमाचा प्रश्न एका शब्दापुरता मर्यादित राहिलेला नाही. प्राकृत भाषा म्हणजे संस्कृताचा केवळ अपभ्रष्ट अवतार, की बोलणाऱ्यांच्या मुखी स्वतःच्या नियमांनी वाढलेली स्वतंत्र वाणी, या जुन्या वादातील तो एक महत्त्वाचा पुरावा ठरला आहे.

संस्कृतातील पार्श्वभूमी : संस्कृतात ‘पाहणे’ ही क्रिया दोन भिन्न धातूंनी मिळून व्यक्त होते. वर्तमानकाळ व त्यावर आधारलेली रूपे ‘पश्यति’, ‘अपश्यत्’, ‘पश्यतु’ अशी होतात. इतरत्र मात्र ददर्श, द्रक्ष्यति, अद्राक्षीत्, दृष्ट, द्रष्टुम्, दृश्यते अशी ‘दृश्’ धातूची रूपे येतात. ‘दृश्’च्या जागी वर्तमानकाळी ‘पश्य’ हा आदेश होतो, असे पाणिनीय व्याकरण सांगते. ऐतिहासिक दृष्ट्या ‘पश्य’ हे ‘स्पश्’ या वेगळ्या धातूचे अंग आहे. वेदांत हेर किंवा टेहळणी करणारा या अर्थी येणारा ‘स्पश्’ हा शब्द याच धातूचा असून, अवेस्ता या प्राचीन इराणी भाषेत व लॅटिनमध्ये त्याचे सगोत्र शब्द सापडतात. ‘दृश्’चे नाते ग्रीक भाषेतील सगोत्र क्रियापदाशी आहे. मूळच्या दोन धातूंनी एकमेकांची उणीव भरून काढून एकच रूपावली पूर्ण करावी, हा प्रकार अनेक भाषांत आढळतो. मराठीतच ‘जातो’ आणि ‘गेला’ ही एका क्रियापदाची रूपे ‘या’ व ‘गम्’ अशा दोन धातूंची आहेत. मात्र अशी विषम रूपावली बोलीभाषेत फार काळ टिकणे कठीण असते. बोलणाऱ्यांचा कल एकाच अंगावरून सर्व रूपे साधण्याकडे असतो.

प्राकृतांत हा कल विशेष प्रभावी होता. संस्कृतातील दहा गणांची गुंतागुंत जाऊन बहुतेक धातू एकाच अकारान्त पद्धतीने चालू लागले. आत्मनेपद मागे पडले. परोक्ष भूतकाळ जवळजवळ नाहीसा झाला. कधी भूतकालवाचक धातुसाधितावरूनच नवे वर्तमान तयार झाले. ‘शुष्क’वरून झालेल्या ‘सुक्क’पासूनचे ‘सुकणे’ किंवा ‘भग्न’वरून झालेल्या ‘भग्ग’पासूनचे ‘भागणे’ (थकणे) ही या प्रक्रियेची मराठीत उरलेली उदाहरणे म्हणता येतील. ‘देक्खइ’ची घडण या पार्श्वभूमीवर पाहावी लागते.

पालीतील साक्ष : पाली भाषेत जुनी रूपावली बरीचशी शाबूत आहे. वर्तमानकाळी ‘पस्सति’, धातुसाधित ‘दिट्ठ’, कर्मणि ‘दिस्सति’, हेत्वर्थी ‘दट्ठुं’ अशी रूपे येतात. भविष्यकाळाचे रूप मात्र उद्‌बोधक आहे. संस्कृत ‘द्रक्ष्यति’चे पालीत ‘दक्खति’ किंवा ‘दक्खिति’ झाले. संस्कृत रूपात ‘स्य’ हे भविष्यकाळाचे चिन्ह स्पष्ट आहे. पालीत ‘क्ष्य’चे ‘क्ख’ होताच ते चिन्ह जोडाक्षरात मिसळून अदृश्य झाले. उरलेले ‘दक्खति’ हे रूप कानाला ‘रक्खति’, ‘सिक्खति’ यांसारख्या साध्या वर्तमानकाळी क्रियापदांसारखेच लागते. परिणामी पुढे ‘दक्खिस्सति’ असे, भविष्यकाळाचे चिन्ह दुसऱ्यांदा जोडलेले रूप प्रचारात आले. ‘शक्’ धातूच्या ‘सक्खिस्सति’ या रूपातही हीच क्रिया घडलेली दिसते. ज्या अर्थी ‘दक्ख’ला पुन्हा भविष्यकाळाचा प्रत्यय लावावासा वाटला, त्या अर्थी ते धातूचे साधे अंग मानले जाऊ लागले होते, हे उघड आहे.

अशोकाचे लेख : ग्रंथांतील भाषा हस्तलिखितांच्या परंपरेतून पालटत आलेली असते, शिलालेखांची भाषा मात्र कोरली गेली त्या क्षणी स्थिर होते. म्हणून या क्रियापदाच्या इतिहासात अशोकाच्या (इ. स. पू. सु. २६८–२३२) लेखांना अनन्यसाधारण महत्त्व आहे. जेम्स प्रिन्सेप यांनी १८३७ मध्ये ब्राह्मी लिपीचे वाचन पूर्ण केले आणि हा पुरावा अभ्यासकांना उपलब्ध झाला.

पहिल्या गिरिलेखात राजाला समाजोत्सवांत पुष्कळ दोष दिसतात, असे विधान आहे. सौराष्ट्रातील गिरनारच्या पाठात तेथे ‘पसति’ हे क्रियापद आहे, म्हणजे जुने ‘पश्यति’च. उत्तरेकडील कालसीच्या पाठात त्याच जागी ‘दखति’ आहे. ब्राह्मीत त्या काळी द्वित्त व्यंजने लिहीत नसत. म्हणून हे रूप ‘दक्खति’ असे वाचावयाचे. येथे भविष्यकाळाचा अर्थ संभवत नाही. राजा आज जे पाहतो त्याविषयीचे हे वाक्य असल्यामुळे ‘दक्ख’ हे अंग इ. स. पू. तिसऱ्या शतकातच वर्तमानकाळी रूढ झाले होते, हे त्यावरून निर्विवाद सिद्ध होते. एकाच आज्ञेच्या दोन पाठांतील हा फरक प्रादेशिक बोलींच्या भेदाचाही निदर्शक आहे.

याहून अधिक लक्षणीय साक्ष ओडिशातील भुवनेश्वरजवळच्या धौली येथील लेखांची आहे. तेथील कलिंगांसाठी खास कोरविलेल्या पहिल्या स्वतंत्र लेखात राजा स्वतःविषयी बोलताना ‘दखामि’ म्हणतो आणि अधिकाऱ्यांना उद्देशून ‘देखत’ म्हणतो. म्हणजे ‘अ’कारयुक्त व ‘ए’कारयुक्त अशी दोन्ही अंगे एकाच लेखात, एकाच बोलीत नांदत होती. पुढे इ. स. पू. सु. २४३–२४२ मधील स्तंभलेखांत, तिसऱ्या लेखात, माणूस आपले सत्कृत्य तेवढे पाहतो, पाप पाहत नाही, या आशयाच्या वाक्यात ‘देखति’ हे रूप येते. मूळ तोपरा (हरियाणा) येथील व चौदाव्या शतकात फिरोजशाह तुघलकाने दिल्लीस आणविलेल्या स्तंभावर ते आजही वाचता येते. मराठी वाचकाला ‘देखती’ हे रूप ओळखीचे वाटावे, इतके ते जवळचे आहे.

प्राकृत व्याकरणकारांची भूमिका : साहित्यिक प्राकृतांत ‘पाहणे’ या अर्थाच्या क्रियापदांची मोठीच विपुलता आहे. महाराष्ट्रीत ‘पेच्छइ’ आणि शौरसेनीत ‘पेक्खदि’ ही ‘प्र + ईक्ष्’ची रूपे विशेष प्रचारात होती. अर्धमागधीत ‘पासइ’ व ‘दक्ख-’ ही अंगे येतात. अपभ्रंशात ‘देक्खइ’ चांगलेच रुळलेले दिसते. नाटकांच्या काही हस्तलिखितांत शौरसेनी ‘पेक्ख’च्या ठिकाणी ‘देक्ख’ किंवा ‘दक्ख’ असे पाठ मिळतात. नकलकारांच्या बोलीचा तो परिणाम, की मूळ पाठ, हा पाठचिकित्सकांपुढील प्रश्न होता.

हेमचंद्र (१०८८–११७२) या गुजरातेतील जैन आचार्यांनी आपल्या सिद्धहेमशब्दानुशासनाच्या आठव्या अध्यायात प्राकृतांचे व्याकरण दिले आहे. त्याच्या चौथ्या पादात ‘दृश्’ धातूच्या जागी येणाऱ्या आदेशांची लांबलचक यादी असून तीत निअच्छ, पेच्छ, देक्ख, पुलोअ, पुलअ, निअ, पास इत्यादींचा समावेश आहे. प्रयोजक ‘दृश्’साठी त्यांनी दाव, दंस व दक्खव असे आदेश सांगितले आहेत. भविष्यकाळाच्या प्रथम पुरुषी ‘दच्छं’ हे रूपही ते नोंदवितात. ते ‘द्रक्ष्यामि’ या रूपाशी जुळणारे असून त्यात ‘क्ष्य’चे ‘च्छ’ झाले आहे. एकाच मूळ रूपातून ‘दक्ख’ व ‘दच्छ’ असे दोन अवतार झाल्याचे त्यावरून दिसते.

‘आदेश’ ही संज्ञा येथे नीट समजून घ्यावयास हवी. व्याकरणकाराच्या दृष्टीने ‘देक्ख’ हे ‘दृश्’पासून ध्वनिविकाराने झालेले रूप नव्हे, त्या धातूच्या जागी ठेवावयाचा तो पर्याय आहे. आपल्या अगोदरच्या काहींनी असे शब्द ‘देशी’ म्हणून गणले होते, पण प्रत्यय लावण्याच्या सोयीसाठी आपण ते धात्वादेश ठरविले, असा खुलासा हेमचंद्रांनी याच पादाच्या आरंभी दुसऱ्या एका धातूच्या संदर्भात केला आहे. तेव्हा आदेशांची ही यादी म्हणजे व्युत्पत्ती नव्हे, याची स्वतः व्याकरणकारांनाही जाणीव होती. ज्या शब्दांचा संस्कृताशी सांधा सहज जुळत नव्हता, त्यांना व्याकरणाच्या चौकटीत बसविण्याची ती एक युक्ती होती. या युक्तीमुळेच लोकभाषेतील अनेक क्रियापदांची नोंद आपल्यापर्यंत पोहोचली.

व्युत्पत्तिविषयक मते : आधुनिक भाषाशास्त्रात या क्रियापदाची चर्चा १८७० नंतर जोराने सुरू झाली. पहिल्या पाली–इंग्रजी कोशाचे कर्ते रॉबर्ट सीझर चाइल्डर्स (१८३८–७६) यांनी त्याचे मूळ भविष्यकाळी ‘द्रक्ष्यति’ या रूपात शोधले. पालीची वर दिलेली साक्ष त्यांच्या मताला पोषक आहे. अर्थाच्या दृष्टीनेही हे अशक्य नाही. ‘पाहीन’, ‘पाहू या’ अशा भावी किंवा इच्छादर्शक वाक्यांतून ‘पाहतो’ या अर्थाकडे सरकणे बोलीत सहज घडू शकते. या उपपत्तीने ‘दक्ख’ पूर्णपणे स्पष्ट होते. परंतु ‘देक्ख’मधील ‘ए’ कोठून आला, हे तिने उलगडत नाही.

प्राकृत भाषांचे थोर जर्मन व्याकरणकार रिखार्ट पिशेल (१८४९–१९०८) यांनी वेगळा मार्ग स्वीकारला. ‘ईदृक्ष’, ‘तादृक्ष’ या शब्दांत दिसणाऱ्या ‘दृक्ष’ या अंगावरून ‘दृक्षति’ असे एक बोलीतील क्रियापद त्यांनी कल्पिले. १९०० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्राकृत व्याकरणात हा विचार आढळतो. ‘ऋ’चा प्राकृतात कधी ‘अ’, तर कधी ‘इ’ होतो आणि जोडाक्षरापूर्वीचा ‘इ’ पुष्कळदा ‘ए’ बनतो. ‘गृह्णाति’चे ‘गिण्हइ’ व मग ‘गेण्हइ’ झाले. मराठी ‘घेणे’ हे त्याचेच पुढचे रूप. याच रीतीने ‘दृक्षति’पासून एकीकडे ‘दक्खइ’ व दुसरीकडे ‘देक्खइ’ निघते. या उपपत्तीत दोन्ही स्वरांचा उलगडा होतो. मात्र तिचा आधार असलेले ‘दृक्षति’ हे क्रियापद संस्कृत वाङ्‌मयात कोठेही आढळत नाही.

तिसऱ्या मतानुसार येथे दोन क्रियापदांचा संकर झाला आहे. ‘दक्ख’ व ‘पेक्ख’ यांचा अर्थ एक, अंत्य ध्वनी एक आणि वापरही शेजारीशेजारी. अशा स्थितीत ‘पेक्ख’मधील ‘ए’ ‘दक्ख’मध्ये शिरून ‘देक्ख’ झाले असावे. समानार्थी शब्दांनी एकमेकांच्या रूपावर प्रभाव पाडणे ही सर्व भाषांत दिसणारी गोष्ट आहे. राल्फ टर्नर (१८८८–१९८३) यांनी भारतीय आर्य भाषांच्या आपल्या तौलनिक कोशात (१९६२–६६) अर्वाचीन भाषांतील या शब्दांच्या शीर्षस्थानी तारांकित, म्हणजे लेखी पुरावा नसलेले, ‘देक्षति’ हे कल्पित रूप ठेवले आहे. हे ठेवणे म्हणजे सर्व भाषांतील रूपे एका समान पूर्वरूपाकडे जातात आणि ते पूर्वरूप ग्रांथिक संस्कृतातले नाही, या दोन्ही गोष्टींची नोंद होय.

या मतांत दिसतो तेवढा विरोध नाही. अशोकाच्या लेखांत दोन्ही अंगे एकत्र आढळतात, हे लक्षात घेता भविष्यकाळातून ‘दक्ख’ आणि ‘पेक्ख’च्या सहवासातून ‘देक्ख’ हा क्रम सर्वाधिक समाधानकारक वाटतो. ‘गेण्हइ’सारख्या रूपांत दिसणाऱ्या स्वरप्रवृत्तीने त्याला हातभार लावला असणेही शक्य आहे.

अर्वाचीन भाषांतील विस्तार : ‘देक्ख’चा प्रसार असाधारण आहे. हिंदी देखना, नेपाळी देख्नु, मैथिली देखब, बंगाली व असमिया देखा, ओडिया देखिबा, गुजराती देखवुं यांखेरीज भारताबाहेर यूरोपात पसरलेल्या रोमानी लोकांच्या भाषेतही ‘दिख-’ हा ‘पाहणे’ या अर्थाचा धातू आहे. या लोकांच्या पूर्वजांनी सुमारे हजार वर्षांपूर्वी किंवा त्याआधी भारत सोडला. म्हणजे तोपर्यंत हा शब्द बोलीत पुरता रुजला होता. ‘अ’कारयुक्त अंगाचा वारसा सिंहली भाषेने ‘दकिनवा’ या रूपात जपला आहे. काही भाषांनी निराळे पर्याय निवडले. पंजाबी ‘वेखणा’ हे ‘ईक्ष्’ धातूच्या उपसर्गयुक्त रूपाकडे जाते. गुजरातीत ‘जोवुं’ अधिक प्रचारात आहे. मात्र जुन्या ‘दिट्ठ’चा अवशेष गुजराती ‘दीठुं’ या भूतकाळी रूपात टिकला आहे.

कोकणीत पाहण्याच्या क्रियेसाठी ‘पळोवप’ हे क्रियापद आहे. त्याचा संबंध ‘प्र + लोक्’पासून आलेल्या ‘पलोअइ’, ‘पुलोअइ’ या प्राकृत रूपांशी जोडला जातो. हेमचंद्रांच्या यादीतील ‘पुलोअ’ असे कोकणीच्या द्वारे आजही जिवंत आहे. ‘देख’ धातूही कोकणीत नाहीसा झालेला नाही. ‘म्हणून’ या अर्थाचे ‘देखून’ आणि ‘उदाहरणार्थ’ या अर्थाचे ‘देखीक’ हे शब्द त्याची आठवण देतात.

मराठीतील स्थिती : तेराव्या शतकातील महानुभाव गद्यात व ज्ञानेश्वरीत (१२९०) ‘देखणे’ हे नित्याचे क्रियापद आहे. देखे, देखती, देखिले, देखोनि अशी त्याची रूपे सर्वत्र भेटतात. ‘पाहणे’ हेही त्या काळी प्रचारात होते. त्याचे मूळ सामान्यतः ‘पश्यति’–‘पासइ’मध्ये मानतात. नजरेस पडणे हा भाव ‘देखणे’त आणि हेतुपूर्वक न्याहाळणे, शोध घेणे, प्रतीक्षा करणे हा भाव ‘पाहणे’त अधिक, असा सर्वसाधारण भेद जाणवतो. ‘वाट पाहणे’ या वाक्प्रचारात तो आजही दिसतो. कर्मणि ‘दृश्यते’पासून ‘दीसइ’ व त्यापासून ‘दिसणे’ आले. ‘दृष्टि’पासून संतवाङ्‌मयातील ‘दिठी’ आली.

पुढे प्रमाण मराठीत ‘पाहणे’ व ‘बघणे’ यांनी ‘देखणे’ची जागा घेतली. खानदेशातील अहिराणीत मात्र ते रोजच्या बोलण्यातले क्रियापद आहे. प्रमाण भाषेतही ते पूर्णपणे लोपले नाही. देखणा, देखावा, देखादेखी, डोळ्यांदेखत हे शब्द, ‘देखल्या देवा दंडवत’ ही म्हण आणि दुसऱ्याचा उत्कर्ष ‘देखवत नाही’ हा प्रयोग यांतून ते टिकून आहे. कर्तरी रूप गेले आणि शक्यार्थी राहिले, ही त्यातील लक्षात घेण्याजोगी बाब होय.

मराठीचा विशेष हा, की तिने ‘अ’कारयुक्त अंगही जपले आहे. ‘दाखविणे’ हे क्रियापद हेमचंद्रांच्या प्रयोजक ‘दक्खव’चे सरळ वंशज आहे. ‘क्ख’चे ‘ख’ होताना पूर्वीचा ‘अ’ दीर्घ झाला. त्यांच्याच यादीतील ‘दाव’ हा आदेश ‘दावणे’ या रूपात काव्यात व बोलींत ऐकू येतो. दाखला, दाखल, दखल हे शब्द मात्र फार्सीमार्गे आलेल्या अरबी शब्दांपासून झाले आहेत. ध्वनिसाम्यामुळे त्यांचा ‘दाखविणे’शी संबंध जोडणे चुकीचे ठरेल. ‘देखणे’ आणि ‘दाखविणे’ या जोडीत ‘ए’ व ‘अ’ असे जे स्वर दिसतात, ते मराठीने नव्याने निर्माण केलेले नाहीत. धौलीच्या खडकावर ‘देखत’ व ‘दखामि’ या रूपांत जी दोन अंगे शेजारीशेजारी कोरली गेली, तीच येथे साध्या व प्रयोजक क्रियापदांत विभागली गेली आहेत.

महत्त्व : रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी १८७७ मध्ये मुंबईस दिलेल्या विल्सन व्याख्यानांत संस्कृतापासून पाली, प्राकृत व अपभ्रंश यांच्याद्वारे देशी भाषांपर्यंतच्या विकासाची संगती लावली, आणि झ्यूल ब्लॉक यांनी मराठीच्या घडणीवरील फ्रेंच ग्रंथात (१९२०, मराठी भाषांतर वासुदेव गोपाळ परांजपे, १९४१) मराठीचा ध्वनी व रूपे यांचा इतिहास पद्धतशीरपणे मांडला. अशा अभ्यासाने भाषा नियमाने बदलते ही गोष्ट प्रस्थापित केली. ‘देक्खइ’चा इतिहास त्या तत्त्वाला पूरक अशी दुसरी बाजू पुढे आणतो. ध्वनिनियम स्वतः अंधपणे चालतात. त्यांच्यामुळे भविष्यकाळाचे चिन्ह पुसले गेले. मग बोलणाऱ्यांनी उरलेल्या रूपाचा नव्याने अर्थ लावला, शेजारच्या समानार्थी शब्दाचा स्वर त्यात घेतला आणि तुटक रूपावलीच्या जागी एक सलग धातू उभा केला. हे सर्व व्याकरणग्रंथांच्या कितीतरी आधी, लोकांच्या तोंडी घडले. राजाच्या आज्ञा लोकांना समजाव्यात म्हणून त्यांच्या बोलीत कोरल्या गेल्या, म्हणूनच त्याचा पुरावा उरला. संस्कृत कोशात जागा न मिळालेला हा शब्द उत्तर भारतातील बहुसंख्य भाषांचा समान वारसा ठरला. प्राकृतांना संस्कृताची बिघडलेली रूपे मानणाऱ्या दृष्टीला या क्रियापदाचा उलगडा करता येत नाही; बोलीभाषेची स्वतःची निर्मितिक्षमता मान्य केली, तरच तो होतो.